यादी आधी करून ठेवायची असते



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल बोल." मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बिघाड होण्याआधी बॅकअप घेऊन ठेवणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग. पण सर्व्हरच्या गोष्टी सांगून सर-बाईंना आज दुपारी झोप आणायची नाही. म्हणून याच कामाचं एक जुनं रूप सांगते. परकी सत्ता दारात आली असताना लोकांनी आपल्या मूर्ती आणि कलावस्तू कशा वाचवल्या, याबद्दल थोडं बोलते.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोव्याचं बेट जिंकलं आणि १५४३ मध्ये साष्टी व बारदेश घेतले. पुढे १५६० च्या दशकात साष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली. तेव्हा कुशस्थळीच्या, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीच्या भक्तांनी मंगेशाचं लिंग जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेलं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंड्याचा तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर होता. लता मंगेशकरांच्या आडनावातलं मंगेशी ते हेच. काय न्यायचं, कुठे न्यायचं आणि कोणी न्यायचं, हे ठरल्याशिवाय ती नदी ओलांडता आली नसती.

आणि जी देवळं पाडली गेली त्यांचं काय? त्यातल्या कितीतरी देवळांची नावं आज आपल्याला कळतात ती पोर्तुगीजांच्याच दप्तरातून. देवळांच्या जमिनी ताब्यात घ्यायच्या म्हणून त्यांनी गावोगावच्या नोंदी केल्या. आपण यादी केली नाही, तर शेवटी घेणाऱ्याची यादी तेवढी उरते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये रोझ व्हॅलाँ नावाच्या बाई होत्या. जर्मनांनी फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबांकडून लुटलेली चित्रं 'ज्यू द पोम' या संग्रहालयात आणून तिथून जर्मनीला रवाना करायला सुरुवात केली. या बाई तिथेच कामाला होत्या. आपल्याला जर्मन कळतं, हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. कोणतं चित्र कोणाचं आणि कुठे चाललं, याची त्यांनी चार वर्षं गुपचूप नोंद ठेवली. युद्धानंतर सुमारे ६०,००० कलाकृती फ्रान्सला परत मिळाल्या. त्या शोधण्यात बाईंच्या नोंदींचा मोठा वाटा होता.

काबूलच्या संग्रहालयातलं तिल्या टेपे इथलं प्राचीन सोनं, २०,००० हून जास्त नग, १९८९ च्या सुमारास राष्ट्राध्यक्षांच्या महालातल्या तिजोरीत हलवलं गेलं. माहीतगार मोजके होते, आणि ते तालिबानच्या काळातही बोलले नाहीत. पुढे पेट्या उघडल्या तेव्हा हे सोनं ज्यांनी खणून काढलं होतं ते संशोधक व्हिक्तोर सारियानिदी हजर होते. एका नगावर त्यांनी स्वतः तारेने केलेली दुरुस्ती होती. ती पाहून त्यांनी आपली वस्तू ओळखली. एवढीशी खूणही पुरते, फक्त ती कोणाला तरी माहीत असावी लागते.

१९५४ च्या हेग कराराने युद्धकाळात सांस्कृतिक ठेवा जपण्याचं बंधन घातलं आहे. भारतही त्यात आहे. त्या करारात ही तयारी शांततेच्या काळातच करा, असं म्हटलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, चाळीसगावला कोणतं सैन्य येणार आहे? खरं आहे. पण चोराला युद्ध लागत नाही. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावचा नटराज चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. तो २०१४ मध्ये परत आला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने तो गावात असतानाच त्याचा फोटो काढून ठेवला होता, तो पुरावा म्हणून कामी आला.

आपल्याकडे काय कमी आहे? पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ असल्याचं सांगणारा शिलालेख मिळाला. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव कोरलेलं आहे. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आणि त्यांचा संग्रह आहे. या ठिकाणांची नावं निदान पुस्तकांत आहेत. माझ्या मामाच्या गावी वेशीबाहेर शेंदूर फासलेला एक वीरगळ होता. रस्ता रुंद झाला आणि तो गेला. फोटो कोणाकडेच नाही. वीर घोड्यावर होता की पायी, यावर माझ्या दोन मावश्यांचं आजही एकमत होत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येकाने आपापलं एक गाव घ्या. जुनी मूर्ती, वीरगळ, शिलालेख, घरातली पोथी, काहीही असो. शेजारी मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. उंची, दगड की धातू, कोरलेली अक्षरं, तुटका कोपरा हे सगळं लिहा. तो तुटका कोपराच उद्या ओळख पटवेल. वस्तू जागची हलवू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे नोंदणी लागत असेल, तर ती करून घ्या. नोंदीच्या तीन प्रती ठेवा, आणि त्यातली एक गावाबाहेर. आणि कृपा करून उघड्यावरच्या मूर्तीचा पत्ता व्हॉट्सॲपवर फिरवू नका!

नोंदीचा साधा मराठी फॉर्म आणि साठवणुकीची सोय मी करून देते. इतिहास शिकवलेल्या सरांनी आणि बाईंनी आमच्या नोंदी तपासाव्यात. लाल शाईने तपासल्या तरी चालेल, आम्हाला सवय आहे.