गिअरबॉक्सचा ताप : आकडा कसा वाचायचा?

गेल्या भागानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते एकाच गोष्टीवर. कॅलगरीहून एकांनी लिहिलंय, "ट्रेलर लावला की डिस्प्लेवर ट्रान्समिशनचं टेम्परेचर २०५ दाखवतं. मेहुणा म्हणतो, गाडी थांबव. मी दर अर्ध्या तासाला थांबतोय. करू काय?" तर आजचा भाग या आकड्यावरच.

नवीन श्रोत्यांसाठी सांगतो. मी डेन्व्हरला असतो, मूळचा नाशिकचा. आमचा मिसळ-वडापावचा फूड ट्रेलर आहे आणि उन्हाळाभर तो पिकअपला जोडून डोंगरातल्या बाजारांना न्यायचा, हा आमचा धंदा. भरलेला ट्रेलर साधारण ७,००० पौंड, म्हणजे तीन टनांच्या वर. ऐन सीझनमध्ये गिअरबॉक्स गेला तर दुरुस्तीचे काही हजार डॉलर तर जातातच, वर सीझनही जातो. त्यामुळे तो आकडा मी बघतोच.

आधी हा ताप येतो कुठून ते बघू. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन एका बाजूचं ऑइल ढवळतं, त्या ऑइलच्या जोरावर दुसरी बाजू फिरते. दोन्ही बाजूंच्या वेगात फरक असला की ऑइल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. हायवेला वेग स्थिर झाला की कन्व्हर्टर 'लॉक' होतो, घुसळण थांबते, ताप उतरतो. म्हणून गंमत बघा : ६० मैलांनी सरळ रस्त्यावर ट्रेलर ओढताना गिअरबॉक्स निवांत असतो, आणि कॅम्पग्राउंडवर चढावर रिव्हर्समध्ये ट्रेलर लावताना, ट्रॅफिकमध्ये रांगताना आकडा भराभर चढतो.

आता कॅलगरीकरांचा २०५. हे फॅरनहाइट, म्हणजे ९६ सेल्सिअस. जुन्या ट्रकमध्ये लोक १७५ च्या आसपास समाधानी असायचे. हल्लीच्या बऱ्याच ट्रकमध्ये थर्मोस्टॅटसारखी झडप असते. ती ऑइल पुरेसं गरम होईपर्यंत त्याला कूलरकडे पूर्ण जाऊच देत नाही. कारण गरम ऑइल पातळ असतं, पातळ ऑइलला ओढ कमी आणि पेट्रोल कमी लागतं. त्यामुळे १९० ते २१० हा अशा गाड्यांचा रोजचाच आकडा असू शकतो. तेव्हा मेहुण्याला सांगा, २०५ ला थांबायची गरज नाही.

मग घाबरायचं कधी? २२० पर्यंत चढावर जाऊन परत उतरत असेल तर ठीक. २४० च्या पुढे बराच वेळ राहिलं तर ऑइल खराब व्हायला लागतं, २६० च्या पुढे रबरी सीलवर परिणाम होतो. ऑइल जितकं जास्त तापेल तितकं लवकर संपतं. मेकॅनिक लोकांचा ठोकताळा असा, की नेहमीपेक्षा वीसेक अंश वर राहिलं की ऑइलचं आयुष्य निम्मं. ठोकताळाच आहे हां. तुमच्या गाडीचा शब्द शेवटचा मॅन्युअलचा.

पण माझा मुख्य मुद्दा पुढेच आहे. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. सेन्सर कुठे बसवलाय त्यावर आकडा बदलतो. तळाच्या पॅनमधलं ऑइल आणि कन्व्हर्टरमधून नुकतंच बाहेर पडलेलं ऑइल यांच्यात मोठा फरक असतो. म्हणून आपल्या गाडीचं 'नेहमीचं' काय, ते आपण शोधायचं. रिकामी गाडी, ट्रेलरसकट गाडी, आणि ओळखीचा एखादा चढ. तीन आकडे लिहून ठेवा.

माझा चढ म्हणजे आय-७० वरचा आयझेनहावर बोगदा. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, बोगदा ११,००० च्या वर. हवा विरळ, त्यामुळे कूलरमधून उष्णताही कमी वाहून जाते. सिल्व्हर प्लूमच्या पुढच्या चढावर माझा नेहमीचा आकडा २०८. गेल्या जूनमध्ये तोच ट्रेलर, तीच सकाळची वेळ, आणि त्याच जागी २१९. थोडं पुढे २२६. कुठलाही दिवा लागला नव्हता, वास नाही, आवाज नाही. पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो. इंजिन चालू ठेवून गाडी पार्कमध्ये उभी केली, दहा मिनिटांत आकडा उतरला. मग राहिलेला चढ खालच्या गिअरात, ४० च्या वेगाने चढलो. बाजाराला अर्धा तास उशीर झाला, त्याचं काही नाही.

घरी येऊन समोरची जाळी काढली तर कूलरवर पांढरा थर! जूनमध्ये इथे कॉटनवूडच्या झाडांच्या म्हाताऱ्या उडतात, लहानपणी आपण फुंकरीने उडवायचो तशाच. त्या एसीच्या कंडेन्सरमागे जाऊन बसल्या होत्या. बागेच्या पाइपने, प्रेशर कमी ठेवून, धुतल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा २०८. नुसतं २२६ बघून मला काहीच कळलं नसतं. कळलं ते वहीतल्या २०८ मुळे.

आकडा चढायला लागला तर करायचं काय? टो-हॉल मोड लावा. खालचा गिअर घ्या, वेग कमी करा. गाडी वरच्या गिअरात शोधाशोध करत राहिली, लॉक सुटत राहिला, तर ऑइल तापणारच. थांबावं लागलं तर इंजिन लगेच बंद करू नका. पंप इंजिनवर चालतो. तो फिरला तरच ऑइल कूलरमधून जाईल. आणि उतारावर ब्रेकवर लोंबकळू नका. ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात उतरायचं, हा कसाऱ्याच्या ट्रकवाल्यांचा नियम इथेही लागू आहे.

आकडा दिसतो कुठे? रॅममध्ये स्टीअरिंगवरच्या बाणांनी व्हेइकल इन्फोत जा. सिल्वराडोच्या काही मॉडेलांत ते पान आधी ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावं लागतं. काही गाड्यांत नुसता काटा असतो. काट्यापेक्षा आकडा बरा, कारण काटा बराच वेळ मधेच बसून राहू शकतो. आकडा नसेलच तर ओबीडी-२ पोर्टला छोटा ॲडॅप्टर लावा, मात्र तुमच्या कंपनीच्या गाडीचं ट्रान्समिशन टेम्परेचर वाचणारं ॲप हवं.

आणि ट्रक इतका नाजूकही नसतो. एसएई जे-२८०७ नावाची टोइंगची चाचणी आहे. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ, बाहेर किमान १०० फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण वजन. ट्रकने तो चढ तापून बंद न पडता चढायचा. म्हणजे गाडी तापासाठीच बनवलेली आहे. फक्त ती नवी होती, कूलर स्वच्छ होता, ऑइल ताजं होतं, हे लक्षात ठेवा. 'लाइफटाइम ऑइल' असं कोणी सांगितलं तरी ट्रेलर ओढणाऱ्यांनी मॅन्युअलमधलं जड वापराचं वेळापत्रक बघावं.

तर कॅलगरीकर, निर्धास्त जा, पण वही घेऊन जा. तुमचे तीन आकडे मला कळवा, गाडीचं मॉडेल आणि वजनही लिहा. पुढच्या भागात ट्रेलरच्या ब्रेकबद्दल बोलू. भेटू या, नमस्कार.