सातचा भोंगा



आपल्याच पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये ठराव केला: 18 वर्षांखालच्यांना मोबाइल बंद, वापरला तर 200 रुपये दंड. इथे बसलेले आपण सगळे 18 च्या पुढचे. आपल्याला कोण दंड करणार? आणि फोनच नसेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा?

माझंच सांगतो. दुसऱ्या वर्षाला असताना अर्जाची शेवटची तारीख वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली होती. त्या रात्री मी एक वाजेपर्यंत ऑनलाइनच होतो, रील बघत. रीलला शेवट नसतो, ती बनवलीच तशी आहे. सूचना वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली गेली आणि अर्ज राहिला. अब्बांनी फीसाठी उसने पैसे आणले. मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्या सत्रात दोन विषयही राहिले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट काढली. 2022 मध्ये तिथे संध्याकाळी 7 ला भोंगा वाजू लागला, 8.30 पर्यंत टीव्ही, मोबाइल बंद आणि अभ्यास सुरू. म्हणजे साधारण मगरिब ते इशा!

मग मीही मगरिबला फोन अम्मीकडे द्यायला लागलो. पहिला आठवडा हात सारखा खिशाकडे जायचा. राहिलेले दोन्ही विषय याच वेळेत निघाले. इशानंतर फोन हातात आला की आधी कॉलेजच्या सूचना, मग बाकी सगळं.

आज मगरिबला घरी फोन कोण देणार? हात वर करा बघू.