दूरच्या सर्व्हरची देखभाल

भोसरीतल्या छोट्या कारखान्यात अनेकदा एकच सर्व्हर असतो. त्यावर तीन-चार आभासी यंत्रं चालतात: टॅलीचं, फाइलींचं, हजेरीचं. त्यांना सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर. ते अपडेट करू म्हटलं की मालक विचारतात, "चालतंय ना साहेब? मग हात कशाला लावता?"

त्यांची भीती रास्त आहे. या कामासाठी वरची सगळी यंत्रं बंद करावी लागतात आणि दुसरा सर्व्हर नसल्याने ती हलवायला जागा नसते. रीस्टार्टनंतर सर्व्हर उठलाच नाही, तर दुरून काम करणाऱ्याला काहीच दिसत नाही.

पण टाळाटाळ फार महाग पडते. ईएसएक्सआय या हायपरव्हायजरमधल्या एका गंभीर दोषावरचा पॅच व्हीएमवेअरने फेब्रुवारी २०२१मध्ये दिला होता. फेब्रुवारी २०२३मध्ये खंडणीखोरांनी जगभरातले हजारो ईएसएक्सआय सर्व्हर गाठले, तेव्हा फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने बोट ठेवलं ते याच दोषावर. मधली दोन वर्षं औषध हाताशी होतं.

म्हणून अपडेट करावंच, पण त्याआधी सर्व्हरपर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट असावी, असा माझा आग्रह आहे. डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक, एचपीईच्या सर्व्हरमध्ये आयएलओ नावाची वेगळी सोय असते. मुख्य यंत्रणा बंद पडली तरी तिच्यातून पडदा दिसतो, सर्व्हर चालू-बंद करता येतो. दुरून पडदा पाहण्यासाठी बहुधा वेगळा परवाना लागतो. तिथे काटकसर करू नये. ही वाट मात्र व्हीपीएनच्या आतच हवी, थेट इंटरनेटवर उघडी कधीच नको. ईएसएक्सआय आपली आधीची आवृत्तीही डिस्कवर राखून ठेवतो. सुरू होताना शिफ्ट आणि आर दाबून मागे जाता येतं. पण ते दाबायला पडदा तर दिसला पाहिजे!

बॅकअप सर्व्हरच्या बाहेर हवा. त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. अपडेटसाठी जीएसटी विवरणपत्रांची ११ आणि २० तारीख टाळावी. भोसरीत गुरुवारची सुट्टी सोयीची वाटते, पण महावितरणची देखभालही बहुधा गुरुवारीच असते. आधी चौकशी करावी, यूपीएसची बॅटरी तपासावी.

आणि सर्व्हर उठला म्हणजे काम संपलं असं समजू नये. कारखान्यातल्या कुणाला तरी फोन लावून टॅली उघडायला सांगावं, एक बिल छापून घ्यावं. ते कागदावर आल्यावरच मालकांना कळवावं.