अपिलाची फी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी कोर्टकचेरीचा विषय काढला म्हणून कोणी नाक मुरडू नये. सातबाऱ्याचा तंटा नाही असे घर आपल्या गावात शोधावे लागेल. मी सातवी शिकलेली बाई. कायदा पुस्तकात वाचला नाही. शेजारणीबरोबर कोर्टात खेपा घातल्या आणि वकीलसाहेबांना खोदून खोदून विचारले.

ही शेजारीण नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. वडिलांच्या जमिनीत भावांनी वाटा दिला नाही, तेव्हा मंगळसूत्र गहाण टाकून तिने दाव्याची फी भरली. दसऱ्याच्या सुमारास निकाल विरुद्ध गेला. अपील करावे तर पुन्हा फी आली. मुकादमाची उचल घेतलेली. ती टोळीबरोबर निघून गेली आणि जिल्हा न्यायालयात अपील करण्याचे ३० दिवस उसाच्या फडातच सरले. परत आल्यावर मला म्हणाली, "बाई, गरिबाला एकच कोर्ट असतं. वरचं कोर्ट पैसेवाल्याचं."

कायद्यात मात्र तसे नाही. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ४४ आहे. फी भरण्याची ऐपत नसेल त्याने अपिलाबरोबरच तसा अर्ज करावा. खाली फी भरली म्हणून वर गरिबी सांगता येत नाही, असे नाही; फक्त चौकशी होते. त्या चौकशीत काय धरीत नाहीत ते ऐका. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, जिच्याबद्दल तंटा आहे ती मालमत्ता, आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना. म्हणजे आपले मंगळसूत्रच की! जे कायदा मोजीतसुद्धा नाही, तेच आपण आधी सावकाराकडे नेतो.

मात्र ही माफी नव्हे, उधारी आहे. जिंकलात तर मिळालेल्या मालमत्तेतून सरकार आपली फी आधी घेते. हरलात तर तुमच्याकडून वसूल करू शकते. अर्जाआधीच्या दोन महिन्यांत लबाडीने काही दुसऱ्याच्या नावावर केले असेल, तर अर्ज फेटाळतात. एरवी नामंजूर झाला तरी फी भरायला मुदत मिळते.

एक गोष्ट मला मुळीच पटली नाही. उच्च न्यायालयात अपील करायला फी भरणाऱ्याला ९० दिवस आणि गरिबीचा अर्ज करणाऱ्याला ६०. ज्याला कागद गोळा करायला जास्त वेळ लागतो, त्यालाच कमी! निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस तेवढे सोडून देतात.

बायकांना आणखी दोन वाटा आहेत. १ ऑक्टोबर १९९४ रोजी महाराष्ट्र सरकारने पोटगी, घटस्फोट, मारहाण आणि मालमत्तेचे तंटे यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. पण मालमत्तेचा तंटा लग्नसंबंधातून निघालेला असावा असा अर्थ पुढे लावला गेला, म्हणून शेजारणीला तिचा उपयोग नव्हता. दुसरी वाट १९८७ च्या विधी सेवा कायद्याची. त्यात स्त्रीचे उत्पन्न पाहत नाहीत. प्रकरणात तथ्य दिसले की वकील मिळतो आणि कोर्ट फीही भरली जाते. बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

शेजारणीने याच वाटेने विलंब माफ व्हावा म्हणून अर्ज केला आहे. कारण सबळ असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकते. करीलच असे नाही.

येत्या सोमवारी मी तालुक्याला जाणार आहे. ज्या कोणाचा निकाल नुकताच लागला असेल, तिने नकलेसाठी अर्ज केला की नाही ते आजच घरी विचारावे, आणि रेशनकार्ड घेऊन सकाळच्या गाडीला यावे.