जोतिबाच्या डोंगरावरचें पाणी

समुद्रांतील लहानशा बेटावर बारमाही नदी बहुधा नसते. पावसाचें गोडें पाणी जमिनींत मुरतें आणि खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्यावर तरंगत राहतें. उपसा फार झाला, कीं खालचें खारें पाणी वर चढतें आणि विहीर नासते.

कोल्हापूरच्या वायव्येस, समुद्रसपाटीपासून सुमारें ३१०० फूट उंच असलेला जोतिबाचा डोंगर हेंही पाण्याच्या दृष्टीनें एक बेटच होय. सपाटीवरची पंचगंगा माथ्यावर चढत नाहीं. आकाशांतून पडेल तेवढीच ठेव. पूर्वजांनीं हें ओळखलें होतें. १७३० सालीं केदारनाथाचें आजचें मंदिर उभारणाऱ्या राणोजी शिंद्यांनींच यमाईच्या देवळापुढें जमदग्नितीर्थ बांधलें. तेथीलच दुसरें तीर्थ सुमारें १७४३ सालीं करवीरच्या जिजाबाईसाहेबांनीं बांधल्याचें सांगतात.

खरी कसोटी चैत्री पौर्णिमेस लागते. पाऊस सरून सहा महिने झालेले, पुढचा दोन महिने दूर, आणि माथ्यावर लाखो यात्रेकरू! यंत्रबळानें खालचें पाणी वर नेतां येतें. पण यंत्र थांबलें, तर जवळचा सांठाच तारतो. येथें भय खाऱ्या पाण्याचें नाहीं. गाळाचें आणि घाणीचें आहे. म्हणून तीर्थांत कपडे धुऊं नयेत, मृगापूर्वीं गाळ काढावा, पागोळ्यांचें पाणी टाक्यांत सांठवावें. ज्यांनीं देऊळ उभारलें, त्यांनींच तीर्थही बांधलें. तें निर्मळ राखणें हीही देवाचीच सेवा होय.