नोंदींची दुसरी प्रत कोठे असावी?

(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले निवेदन)



वर्षाचा जमाखर्च आपल्यापुढे आहेच. आज आम्ही अशा एका खर्चाविषयी बोलणार आहोत, की जो इमारतीसारखा डोळ्यांना दिसत नाही व ज्याची कोनशिलाही बसविता येत नाही. संगणकावरील रुग्णनोंदी आपत्तीतून सुरक्षित राखण्याचा हा खर्च आहे.

सावित्रीकाठच्या माणसांस आपत्तीची ओळख करून देणे नलगे. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले. तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वीज, रस्ते आणि दूरध्वनी एकाच वेळी बंद पडले. अशा वेळी रुग्णास अलिबाग, पुणे वा मुंबईस हलवावे लागते. त्याला कोणते औषध बाधते, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे तेथील डॉक्टरांस कळले नाही, तर उपचार अंदाजाने करावे लागतात.

म्हणून नोंदींची दुसरी प्रत हवी. ती पोलादपूरला ठेवावी, जवळ पडेल, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु महाबळेश्वरी पडलेला पाऊस सावित्रीवाटे आधी पोलादपुरावरून व मग महाडात येतो. दोन्ही प्रती एकाच नदीच्या खोऱ्यात ठेवणे म्हणजे दोन कुलुपांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवणे होय. दुसरी प्रत सह्याद्रीपलीकडे, पुण्यास असावी, असे आमचे मत आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे. तेव्हा हिशेबाच्या भाषेत सांगतो. प्रत ठेवण्याच्या रीती दोन. पहिलीत, दोन्ही वह्यांत नोंद उतरल्याखेरीज पावती फाडायची नाही. दुसरीत, नोंद कीर्दीत करून पावती द्यायची आणि खतावणी मागाहून करायची. पहिल्या रीतीत काही गमावत नाही, पण दुवा मंदावला तर केसपेपरच्या खिडकीवर रांग थांबते. दुसरीत काम अडत नाही, पण अपघात झाल्यास अखेरच्या काही नोंदी जाऊ शकतात.

आमची योजना अशी. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर लिनक्स प्रणालीचे दोन संगणक पहिल्या रीतीने जोडावेत. एक बंद पडता दुसऱ्याने काम उचलावे. पुण्याची प्रत दुसऱ्या रीतीने चालावी. यासाठी डीआरबीडी ही मुक्त प्रणाली उपलब्ध असून २०१० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. दुवा तुटल्यास कोणते भाग बदलले याची खूण ती ठेवते व दुवा जुळताच तेवढेच भाग पाठविते.

येथे दोन सावधगिरी आवश्यक आहेत. दुवा तुटल्यावर दोन्ही संगणक स्वतःस मुख्य समजून लिहू लागले, तर एकाच रुग्णाच्या दोन वेगळ्या नोंदी तयार होतील. म्हणून रुग्णालयातील जोडीत संशयित संगणकाची वीज आपोआप तोडण्याची सोय हवी. पुण्याची प्रत मुख्य करण्याचा निर्णय मात्र जबाबदार माणसानेच घ्यावा. दुसरे असे, की प्रत चुकीचीही होते. येथे नोंद पुसली गेली, तर तेथेही पुसली जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस कामकाज कागदावर करावे लागले. तेव्हा रोजचा साठा जाळ्यापासून तोडून वेगळा ठेवणे क्रमप्राप्त आहे.

यंत्रे विकत घेतल्याने काम संपत नाही. दरवर्षी मे महिन्यात, पावसापूर्वी, एक दिवस संपूर्ण रुग्णालय पुण्याच्या प्रतीवर चालवून पाहावे, किती नोंदी सुटल्या व किती वेळ लागला हे लिहून ठेवावे, आणि तो तक्ता या अहवालात छापावा. पुरात दुवाच तुटला तर येथे हाती काही उरावे, म्हणून डायलिसिसच्या व हृदयरोगाच्या रुग्णांस औषधांचा छापील गोषवारा जूनपूर्वीच द्यावा.

आपली देणगी या कामी लागली, तर तिच्यावर आपले नाव कोरता येणार नाही. परंतु पुराच्या रात्री घाटापलीकडे पोहोचलेल्या रुग्णाची नोंद त्याच्या आधी तेथे पोहोचलेली असेल. आपल्या उदार सहकार्याची विनंती करून आम्ही हे निवेदन संपवितो.