झोप ही चैन नव्हे
(महिला आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



मधुमेह असलेली बाई समोर बसली की साखर किती, गोळी कोणती, हे विचारून झाल्यावर मी तिला विचारते, "रात्री किती वेळ झोपता?" बहुतेक जणी हसतात. "आमची कसली हो झोप!" एवढंच उत्तर मिळतं. झोप पुरत नाही ही डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं आपल्याला वाटतच नाही. म्हणून आज झोप आणि किडनी यांच्याबद्दल बोलायचं आहे.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं रक्तात परत पाठवतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली आणि जोडीला रक्तदाब वाढला, की या चाळण्या खराब होतात. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून जाऊ लागतं. यात काहीच दुखत नाही. पायांवर सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

आता झोपेचं बघा. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. झोप तुटत राहिली तर तो नीट उतरत नाही, आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरचा ताण रात्रीही चालू राहतो. साखरेचंही तसंच. १९९९ साली शिकागोच्या संशोधकांनी अकरा निरोगी तरुण पुरुषांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानं त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद घटली. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणापासून अशा किती रात्री जातात, ते ज्याचं त्यानं मोजावं.

बायकांचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या चार हजारांवर नर्सेसची अकरा वर्षांची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली. पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची किडनी, सात-आठ तास झोपणाऱ्यांपेक्षा वेगानं मंदावण्याचा धोका जास्त दिसला. या सगळ्या मधुमेही नव्हत्या, आणि एवढ्यावरून कमी झोपेनंच किडनी बिघडते असं सिद्ध होत नाही. पण ज्या बाईला आधीच मधुमेह आहे, तिनं झोपेकडे दुर्लक्ष करू नये एवढं तर यातून नक्की कळतं.

उलट बाजूही आहे. साखर वाढली की रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं. किडनी थकली तरी तेच होतं. पाय सारखे हलवावेसे वाटतात, डोळा लागत नाही. तेव्हा "वय झालं" म्हणून गप्प बसू नका. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं, हेही डॉक्टरांना सांगा. बाई घोरते म्हणायची आपल्याला लाज वाटते. पण हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आता मूळ प्रश्न. बाईची झोप जाते कुठे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटं. आजारी माणसांची नि मुलांची देखभाल यात धरलेलीच नाही. सगळ्यांच्या मागून झोपायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं, नळाला पाणी पहाटे येतं तेव्हाही आपणच उठायचं. अशा बाईला "सात तास झोपा" असं कागदावर लिहून दिल्यानं काय होणार? पहाटेचं पाणी नि डबे घरात वाटून घेतले, तरच ती झोपेल. मधुमेही बाईच्या बाबतीत तो औषधोपचाराचाच भाग आहे.

काही गोष्टी आजपासून करता येतील. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. नुसत्या साखरेच्या तपासणीवर घरी येऊ नका. रक्तदाब मोजून घ्या. अंग दुखतं म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेऊ नका. त्या किडनीला घातक ठरतात. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. संडास लांब आहे, अंधार आहे, म्हणून दिवसभर पाणी तोडणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. त्यावरचा उपाय जवळचा संडास आणि रस्त्यावरचा दिवा हाच आहे, आणि तो ग्रामपंचायतीकडे मागायचा आहे.

किडनी निकामी झाल्यावर बाईच्या वाट्याला काय येतं तेही पाहा. १९९५ ते २०२१ या काळात भारतात झालेल्या अवयव-प्रत्यारोपणांत एका बाईमागे चार पुरुषांना अवयव मिळाले. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त, आणि त्यातही बायको नि आई. किडनी द्यायची वेळ आली की बाई आठवते. तिला हवी असते तेव्हा घरात पैशांचा हिशेब होतो. म्हणून आपली किडनी वेळेवर सांभाळणं हा आपल्यासाठी हक्काचा प्रश्न आहे.

प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत एक काम करावं. आपल्यातल्या मधुमेही बायकांची यादी करा. कोण किती तास झोपते, रात्री किती वेळा उठते, लघवीची तपासणी शेवटची कधी झाली, हे तिच्या नावापुढे लिहा. ती यादी घेऊन आरोग्य केंद्रात एकत्र जा आणि तपासणीची मागणी करा.